सिलिंडर नंबर असेल तर: टोरिक लेन्सची ट्रायल कशी घ्यायची, पुण्याच्या हिशेबाने

"सिलिंडर नंबर आहे ना? मग लेन्स विसरा." हे वाक्य पुण्यात अजूनही ऐकू येतं, कधी घरच्यांकडून तर कधी चक्क चष्म्याच्या दुकानात. त्यात आता फारसं तथ्य उरलेलं नाही. दृष्टिवैषम्य, म्हणजे बोलताना आपण ज्याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतो ते, असणाऱ्यांसाठी टोरिक कॉन्टॅक्ट लेन्स मिळतात आणि बहुतेकांना त्या चालतातही. फक्त साध्या नंबरवाला मित्र जसा दुकानात शिरतो आणि थोड्या वेळात पेटी घेऊन बाहेर पडतो, तसं आपलं होत नाही. मी या सगळ्यातून गेलो आहे, आता रोज टोरिक लेन्स वापरतो, आणि सुरुवातीला कोणी नीट सांगितलं असतं तर बरंच डोकं वाचलं असतं असं वाटतं. म्हणून हे लिहितोय.

आधी मुळाशी काय आहे ते बघू. साध्या नंबरची लेन्स सगळीकडून सारखी असते. डोळ्यात ती चकरा मारत राहिली तरी दिसण्यात फरक पडत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, एका दिशेने जास्त वळलेला आणि दुसऱ्या दिशेने कमी असला की सिलिंडर नंबर येतो. तो घालवायचा तर लेन्समधली पॉवरही ठरावीक दिशेनेच द्यावी लागते. ती दिशा म्हणजे अ‍ॅक्सिस. चष्म्याची काच फ्रेममध्ये घट्ट बसलेली असते. लेन्स मात्र अश्रूंच्या थरावर तरंगते आणि दर उघडझापीला पापणी तिला ढकलते. त्यामुळे ट्रायलमध्ये सगळ्यात आधी बघायचं ते लेन्स जागेवर राहते का. पुढची सगळी कटकट याच एका प्रश्नाभोवती फिरते.

१. नंबरचा कागद आधी स्वतः वाचा

समजा कागदावर उजव्या डोळ्यापुढे -२.५० / -१.२५ × १८० असं लिहिलंय. पहिला आकडा साधा नंबर, दुसरा सिलिंडर, तिसरा अ‍ॅक्सिस. अ‍ॅक्सिस १ ते १८० अंशांत मोजतात. १८० म्हणजे आडवी दिशा, ९० म्हणजे उभी, मधले आकडे तिरके.

इथे तीन खाचखळगे आहेत.

पहिला: काही डॉक्टर सिलिंडर अधिक चिन्हात लिहितात. -३.०० / +१.५० × ९० आणि -१.५० / -१.५० × १८० हा एकच नंबर आहे, लिहायची पद्धत वेगळी. लेन्सच्या पेटीवर सिलिंडर नेहमी वजा चिन्हात असतो. तुमच्या कागदावर अधिक असेल तर आधी तो बदलून घ्या. दोन आकड्यांची बेरीज करायची, सिलिंडरचं चिन्ह उलटवायचं, अ‍ॅक्सिस ९० अंशांनी फिरवायचा. स्वतः करू शकलात तरी एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

दुसरा: चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एक नसतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यावरच. नंबर चारच्या आत असेल तर फरक किरकोळ. त्यापुढे हिशेब करावाच लागतो. चष्म्यात -६.०० असेल तर लेन्समध्ये तो साधारण -५.५० च्या आसपास येतो. सिलिंडर असला की दोन्ही दिशांचा हिशेब वेगवेगळा करतात, त्यामुळे सिलिंडरचा आकडाही थोडा उतरू शकतो. जास्त नंबर असूनही कोणी चष्म्याचा कागद बघून तसाच आकडा ऑर्डरला टाकत असेल, तर तिथून निघा.

तिसरा: टोरिक लेन्स हव्या त्या आकड्यात मिळत नाहीत. मऊ टोरिक लेन्समध्ये सिलिंडर साधारण -०.७५, -१.२५, -१.७५, -२.२५ अशा पायऱ्यांत येतो, काहींत -२.७५ सुद्धा. अ‍ॅक्सिस दहा-दहा अंशांच्या टप्प्यात. रोज फेकायच्या काही लेन्समध्ये तर फक्त ९० आणि १८० च्या आसपासचेच अ‍ॅक्सिस असतात. तुमचा सिलिंडर -१.५० असेल तर बहुधा -१.२५ ची लेन्स देतील, म्हणजे खालच्या पायरीची. यात फसवणूक काही नाही. पण अ‍ॅक्सिस १६५ असताना "१८० चीच आहे, चालवून घ्या" असं म्हणाले तर चालवून घेऊ नका.

कागद वर्षाहून जुना असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि नवा नंबर काढा.

२. टोरिक लागणार का, तेही विचारा

सिलिंडर ०.७५ पेक्षा कमी असेल तर साधी लेन्सही पुरते. साधा नंबर किंचित वाढवून भागवतात. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला तेवढ्यानेही कधी कधी डोकं जड होतं, त्यामुळे दोन्ही लावून बघायची मागणी करायला हरकत नाही.

दुसऱ्या टोकाला सिलिंडर खूप जास्त असेल, दर काही महिन्यांनी बदलत असेल किंवा चष्मा लावूनही अक्षरं पूर्ण स्वच्छ होत नसतील, तर लेन्सचा विचार थांबवून आधी कॉर्नियाची टोपोग्राफी करून घ्या. हा कॉर्नियाचा नकाशा असतो, डोळ्याला काही लागत नाही. केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि बहुधा तरुण वयातच त्याची सुरुवात होते. तिथे मऊ टोरिक लेन्स फारशी कामाची नाही. कडक, हवा आत जाऊ देणाऱ्या आरजीपी किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स लागतात, आणि ते काम दुकानातलं नव्हे, नेत्र रुग्णालयातलं. केराटोकोनसवाल्यांना डोळे चोळायची सवय सोडायला सांगतात. ती आपणही सोडलेली बरी.

३. बरोबर काय न्यायचं

- नंबरचा ताजा कागद, आणि असला तर त्याआधीचाही. नंबर किती सरकलाय ते दोन्हीवरून कळतं.
- सध्याचा चष्मा. परतीच्या वाटेवर लागणारच आहे.
- पूर्वी लेन्स वापरली असेल तर पेटी किंवा तिचा फोटो. बीसी (लेन्सची वक्रता), डायमीटर (व्यास) आणि कंपनी त्यावर लिहिलेली असते.
- चालू औषधांची यादी. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी आणि मुरमांच्या काही औषधांनी डोळे कोरडे पडतात. ही गोष्ट कोणी विचारत नाही, आपणच सांगायची.
- कापलेली नखं. लांब नखांनी लेन्स काढायला शिकणं म्हणजे स्वतःच्या डोळ्याशी वैर.
- भरपूर वेळ. लंच ब्रेकमध्ये उरकायचं काम नाही हे.

डोळ्यांत काजळ घालून जाऊ नका. आधीपासून मऊ लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते फोनवर विचारून घ्या. आरजीपीवाल्यांना जास्त दिवस थांबावं लागतं, कारण कडक लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो.

४. जायचं कुठे

पुण्यात पर्याय तीन प्रकारचे. मोठी नेत्र रुग्णालयं: शिवाजीनगरला घोले रस्त्यावर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी आहे, हडपसरकडे मोहम्मदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. दुसरे म्हणजे आपल्या भागातले डोळ्यांचे डॉक्टर, ज्यांच्याकडे ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढायचं आणि लेन्स बसवायचं शिक्षण घेतलेले लोक, बसतात. तिसरी लक्ष्मी रोड, कॅम्प, कर्वे रोड आणि उपनगरांतल्या मॉलमधली चष्म्याची दुकानं. ऑप्टोमेट्रीचं शिक्षण पुण्यातच भारती विद्यापीठात होतं, त्यामुळे शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टची शहरात वानवा नाही. दुकानात काउंटरमागे उभा असलेला प्रत्येक जण ऑप्टोमेट्रिस्ट असतो असं मात्र समजू नका. सरळ विचारा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

जागा कोणतीही असो, निघण्याआधी फोन करून एवढं विचारा: टोरिकचे ट्रायल लेन्स आहेत का? स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून बघायचं यंत्र, आहे का? ट्रायल लेन्स घरी नेऊ देता की तिथेच बघायची? फॉलोअपचे पैसे वेगळे का? स्लिट लॅम्प नसेल तर लेन्स किती फिरली ते नीट मोजता येत नाही, आणि मग टोरिकच्या ट्रायलला अर्थ राहत नाही. मध्यवस्तीतल्या काही जुन्या दुकानांना दुपारची सुट्टी असते, तेही याच फोनवर कळून जातं.

मला एका दुकानात ट्रायल न करताच सहा लेन्सची पेटी पुढे केली होती. "सगळे हेच नेतात," म्हणे. सगळ्यांचा अ‍ॅक्सिस वेगळा असतो, हे त्या भल्या माणसाला मी काय सांगणार!

५. खुर्चीत काय होतं

आधी कॉम्प्युटरवर नंबर काढतात, मग अक्षरांच्या तक्त्यावर पक्का करतात. केराटोमीटरने कॉर्नियाची वक्रता मोजतात. स्लिट लॅम्पखाली पापण्यांच्या कडा, अश्रूंचा थर, कॉर्निया बघतात. कधी फ्लुरोसिनचा केशरी-पिवळा रंग डोळ्याला लावतात. त्याने मऊ लेन्स रंगते, म्हणून लेन्स घालण्याआधी तो धुऊन जायला हवा.

मग ट्रायल लेन्स घालतात आणि तुम्हाला बसवून ठेवतात. निदान दहा-पंधरा मिनिटं. या वेळात लेन्स डोळ्यावर स्थिर होते आणि आपोआप येणारं पाणी थांबतं. घातल्या घातल्या "काय, दिसतंय का?" विचारून हो म्हणवून घेणारे असतात. तेव्हा दिलेल्या उत्तराला काही किंमत नाही.

पुढचा भाग समजून घ्या, कारण खरी मेख इथे आहे. प्रत्येक टोरिक लेन्सवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. काहींच्या खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजता काटा असतो तिथे. काहींच्या दोन बाजूंना, तीन आणि नऊच्या जागी. त्या आपल्याला आरशात सहज दिसत नाहीत, स्लिट लॅम्पखाली दिसतात. खूण जिथे हवी तिथे आहे की सरकलीय, सरकली तर किती अंश, हे तपासणारा बघतो. लेन्स खाली जड ठेवून किंवा वरच्या-खालच्या कडा पातळ करून कंपन्या ती सरळ राहील अशी व्यवस्था करतात, पण तुमच्या पापणीचा ताण कसा आहे ते कंपनीला माहीत नसतं.

लेन्स फिरली तर काय बिघडतं? दहा अंश फिरली की सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश नंबर शिल्लक राहिल्यासारखं दिसतं. तीस अंश फिरली की जेवढा सिलिंडर तेवढाच पुन्हा उरतो, म्हणजे लेन्सचा सिलिंडर असून नसल्यासारखा. -०.७५ वाल्याला दहा अंशांचं फारसं कळत नाही. -२.२५ वाल्याला पाऊण नंबर चुकल्यासारखं वाटतं आणि तो दिवसभर डोळे बारीक करत बसतो. सिलिंडर जेवढा मोठा, तेवढी ट्रायल चोख हवी, ती यासाठी.

आता दिलासा. लेन्स फिरून एका जागी थांबत असेल तर इलाज सोपा आहे. तपासणाऱ्याच्या बाजूने बघता खालची खूण त्याच्या डावीकडे गेली असेल तर तेवढे अंश अ‍ॅक्सिसमध्ये मिळवायचे, उजवीकडे गेली असेल तर वजा करायचे. अ‍ॅक्सिस १८० आणि खूण डावीकडे दहा अंश, तर १९० होतात, म्हणजेच १०. मग १० अ‍ॅक्सिसची लेन्स मागवायची. ती डोळ्यात तेवढीच फिरेल आणि पॉवर बरोबर १८० वर येऊन बसेल. त्यामुळे पेटीवरचा अ‍ॅक्सिस चष्म्याच्या कागदाशी जुळत नाही म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, आधी कारण विचारा.

पण लेन्स फिरतच राहत असेल, आत्ता इकडे आणि उघडझापीनंतर तिकडे, तर कोणत्याही बेरीज-वजाबाकीचा उपयोग नाही. तिथे लेन्सच बदलायची: दुसरी कंपनी, दुसरी घडण, दुसरा बीसी. तपासणाऱ्याला तुम्ही एवढंच विचारा: "किती फिरली? आणि तिथेच थांबतेय का?" या दोन प्रश्नांवर समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं.

शेवटी लेन्स डोळ्यात असतानाच वरून काचा लावून उरलेला नंबर बघतात. ही पायरी गाळली तर आठवण करून द्या.

६. घालणं-काढणं तिथेच शिका

हात साबणाने धुवा, पण तेलकट किंवा क्रीमवाल्या साबणाने नको, आणि धागे न सुटणाऱ्या रुमालाने कोरडे करा. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघा: कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या तर बरोबर, ताटलीच्या काठासारख्या बाहेर पडल्या तर उलटी. टोरिक लेन्स खूण बरोबर खाली धरूनच घालायची, अशी सक्ती नाही. ती थोड्या वेळात आपली जागा घेते. मी तरी खुणेच्या नादी लागत नाही.

काढता आली, तीही स्वतःच्या हाताने, तरच दुकानाबाहेर पडा. घालणं बहुतेकांना जमतं. रात्री काढायची वेळ आली की घरभर गोंधळ होतो.

ठेचा करणाऱ्यांसाठी एक सूचना. मिरच्या हाताळल्यावर हात कितीही धुतले तरी तिखटपणा बोटांत बराच वेळ राहतो. त्या दिवशी लेन्स आधी काढा, मग स्वयंपाकाला लागा.

७. ट्रायलचे दिवस: काय आणि कसं तपासायचं

ट्रायल लेन्स घरी नेऊ दिली तर ती नुसती घालून फिरू नका, तिची परीक्षा घ्या. पहिल्या दिवशी चारेक तास, मग रोज थोडे वाढवत. किती तास ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं धरा.

एक डोळा झाकून बघायची सवय लावा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची लाज राखतो आणि तुम्हाला कळतही नाही.

खिडकीचे गज बघा. उभे गज रेखीव आणि आडवे पुसट दिसत असतील, किंवा उलट, तर सिलिंडर उरलाय किंवा लेन्स फिरलीय. दोन्ही सारखेच पुसट असतील तर साध्या नंबराची गडबड असण्याची शक्यता जास्त. गज नुसते सरळ असतात, म्हणून पाट्याही बघा. देवनागरीत यासाठी आयती सोय आहे: भ आणि म, ध आणि घ. यांत फरक काय, तर भ आणि ध ची शिरोरेषा डावीकडे जरा तुटलेली असते. तेवढी फट भरल्यासारखी दिसली की भ चा म होतो. पीएमपीच्या स्टॉपवर उभं राहून लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचा. भोसरी की मोशी, धायरी की घोरपडी, हे अंदाजाने ओळखत असाल तर ते वाचणं नव्हे. चष्मा लावून जेवढ्या अंतरावरून ती फट दिसते, साधारण तेवढ्याच अंतरावरून लेन्सनेही दिसली पाहिजे.

मग उघडझाप. पाटीवर नजर ठेवून एकदा सावकाश पापणी मिटा आणि उघडा. काय होतं त्यावरून बरंच कळतं:

- उघडल्यावर क्षणभर पुसट होऊन मग स्वच्छ होतं: लेन्स पापणीबरोबर हलते आणि परत येते. क्षणभराचं ठीक, दोन-तीन सेकंद लागत असतील तर सांगा.
- उघडल्यावर स्वच्छ, मग हळूहळू पुसट, पुन्हा मिटल्यावर स्वच्छ: बहुधा कोरडेपणा. अ‍ॅक्सिसचा दोष नाही.
- मिटा, उघडा, काही फरक नाही, सतत पुसट: पॉवर किंवा अ‍ॅक्सिस चुकलाय.

कुशीवर झोपून फोन बघा. डोकं आडवं झालं की काही लेन्स फिरतात. उठून बसल्यावर किती वेळात जागेवर येते ते बघा. तसंच मान न हलवता फक्त नजर कोपऱ्यात नेऊन बघा, गाडीचा आरसा बघताना नेतो तशी.

रात्री मागच्या सीटवर बसून समोरच्या गाड्यांचे लाल दिवे बघा. दिव्याला एकाच दिशेला शेपूट फुटत असेल तर ते टिपून ठेवा, शेपूट कोणत्या दिशेला हेही. पहिल्या काही दिवसांत स्वतः गाडी चालवून ही तपासणी करू नका.

चाळिशीजवळ आलेल्यांना आणखी एक गोष्ट जाणवेल. वजा नंबरवाल्यांना चष्म्यापेक्षा लेन्स घातल्यावर जवळचं बघायला डोळ्याला जरा जास्त जोर लावावा लागतो. पेपरातली बारीक अक्षरं एकदम लांब धरावीशी वाटली तर लेन्सला दोष देऊ नका, वयाला द्या आणि डॉक्टरांना सांगा.

हे सगळं फोनमध्ये लिहून ठेवा: कोणता डोळा, किती वाजता, काय करताना. "जरा ब्लर येतं" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही.

८. पुण्याची हवा आणि पुण्याच्या सवयी

दुचाकीवर असाल तर हेल्मेटची काच खाली, नाहीतर बंद बाजूंचा गॉगल. नुसत्या वाऱ्यानेही लेन्स सुकते आणि सुकलेली लेन्स नीट फिरून जागेवर येत नाही. मेट्रोच्या खोदकामाशेजारून रोज जाणाऱ्याला धुळीचं वेगळं सांगायला नको. कण गेला तर रस्त्यात डोळा चोळू नका. कडेला थांबा, लेन्स काढा, सोल्युशनने धुवा. छोटी डबी, सोल्युशन आणि चष्मा बॅगेत कायम.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या एसीत दिवसभर स्क्रीन बघणाऱ्यांच्या पापण्या कमी मिटतात. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत त्रास वाढतो. एसीचा झोत थेट तोंडावर असेल तर जागा बदला. डोळ्यांत घालायचे थेंब लेन्सवर चालतील असं लिहिलेलेच घ्या, लाली घालवणारे थेंब नकोत. कंपनीच्या बसमध्ये परतताना लागणारी डुलकी हाही लेन्स घालून झोपण्यातच जमा. डुलकीची खात्री असेल तर बसमध्ये चढण्याआधी लेन्स काढा.

पाणी हा लेन्सचा शत्रू. नळाचं, विहिरीचं, बाटलीतलं पिण्याचं, कुठलंही. पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याने होणारा कॉर्नियाचा संसर्ग विरळा असला तरी फार वाईट, आणि लेन्सवाल्यांनाच प्रामुख्याने होतो. डबी पाण्याने विसळायची नाही. आंघोळीला लेन्स काढून जायचं. टिळक तलावावर पोहायला जाताना वरून गॉगल आहे म्हणून आत लेन्स ठेवायची नाही. पावसात भिजून आलात तर घरी येऊन लेन्स काढा, रोजच्या फेकायच्या असतील तर फेकूनच द्या. रंगपंचमी आणि विसर्जन मिरवणुकीतला गुलाल या दोन दिवशी सरळ चष्मा.

काजळ आणि मेकअप लेन्स घातल्यानंतर. रात्री आधी लेन्स काढायची, मग मेकअप. काजळ पापणीच्या आतल्या कडेला नको.

९. फॉलोअपला लेन्स घालूनच जा

आणि शक्यतो संध्याकाळी, काही तास घालून झाल्यावर. सकाळी ताज्या डोळ्यावर सगळ्याच लेन्स शहाण्यासारख्या वागतात. दिवसअखेर लेन्स कुठे बसलीय, किती सुकलीय, कॉर्नियावर ओरखडे आहेत का, हे तेव्हाच दिसतं. टिपलेलं सगळं वाचून दाखवा. पहिलीच लेन्स बसली तर उत्तम, नाहीतर दुसरी कंपनी लावून बघायला संकोच करू नका. अ‍ॅक्युव्ह्यू, बायोफिनिटी, एअर ऑप्टिक्स, बॉश अँड लॉम्ब या सगळ्यांच्या टोरिक लेन्स आहेत आणि स्थिर ठेवायची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. एकाच्या डोळ्यात खिळून राहणारी लेन्स दुसऱ्याच्या डोळ्यात गरगर फिरते, त्यामुळे "सगळ्यात चांगली कोणती" हा प्रश्न कोणालाच विचारण्यात अर्थ नाही.

१०. पेटी विकत घेताना

ट्रायल संपल्यावर लेन्सचं प्रिस्क्रिप्शन वेगळं लिहून मागा. त्यात कंपनी, लेन्सचं पूर्ण नाव, बीसी, डायमीटर, साधा नंबर, सिलिंडर, अ‍ॅक्सिस हे दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं हवं. हा कागद हातात असला की ऑनलाइन घ्या नाहीतर गल्लीतून घ्या. नुसत्या चष्म्याच्या नंबरावर ऑनलाइन टोरिक मागवणं म्हणजे ट्रायलची सगळी मेहनत पाण्यात.

"ती संपलीय, ही सेमच आहे" याला बळी पडू नका. बीसी आणि डायमीटर तोच असला तरी घडण वेगळी असेल तर लेन्स वेगळी बसते, म्हणजे नवी ट्रायल आली. टोरिकचे सगळे आकडे दुकानात तयार नसतात, मागवावे लागतात, म्हणून शेवटची जोडी उघडली की पुढची ऑर्डर द्या. पेटी ताब्यात घेताना दोन्ही डोळ्यांचे आकडे आणि मुदतीची तारीख तिथेच तपासा. सील फोडल्यावर कोणी परत घेत नाही. लेन्स किती दिवसांची तेही बघा. अ‍ॅक्युव्ह्यू ओएसिस दोन आठवड्यांची, बायोफिनिटी महिन्याची. हे दिवस पाकीट उघडल्यापासून मोजायचे. मध्ये चार दिवस चष्मा लावला म्हणून मुदत वाढत नाही.

सोल्युशन रोज नवं. कालच्यात वरून भर घालायची नाही. "नो रब" लिहिलं असलं तरी तळहातावर लेन्स हलकेच चोळून धुतलेली बरी. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन घेतलंत तर ते त्याच्या खास डबीतच, कंपनीने सांगितलेले तास पूर्ण होईपर्यंत ठेवायचं. तास भरण्याआधी ते डोळ्यात गेलं तर चांगलंच भाजतं. डबी तीनेक महिन्यांनी बदला.

चष्मा मोडीत काढू नका. त्याचा नंबरही चालू ठेवा.

११. हे झालं की लेन्स काढायची

लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, चिकट घाण, अचानक धूसर दिसणं. यातलं काहीही झालं तर लेन्स लगेच काढा आणि पुन्हा घालू नका. काढल्यावरही त्रास थांबला नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, चष्म्याच्या दुकानात नव्हे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर संसर्ग आणखी चिघळू शकतो. आणि काढलेली लेन्स फेकू नका. ती, डबी आणि सोल्युशनची बाटली बरोबर न्या. जंतू कोणता आहे हे शोधायला डॉक्टर कधी कधी त्यांचीच तपासणी करायला पाठवतात.